एका चुलीच्या तीन चुली

आठ दिवस रोज चार वाजता गणूच्या घरात भांडण व्हायचं. गोमानंच तसं सांगितलं होतं. गोमाचं धसईच्या बाजारात झेरॉक्सचं दुकान. पण सरकारची योजना आल्यापासून तो स्वतःला समन्वयक म्हणवून घ्यायचा आणि झेरॉक्स काढायला बायकोला बसवायचा.

"साहेब येतील तवा शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतील," तो म्हणाला होता. "शेजाऱ्यानं सांगायला पायजे, हो साहेब, या दोन भावांचं पटत नाय, चुली वेगळ्या हायेत. उगाच शांत बसाल तर एकच चूल धरतील. मग एकच नोकरी."

योजनेचं नाव होतं 'चूल तिथे रोजगार'. नाक्यावर हा एवढा मोठा फ्लेक्स लागलेला. त्यावर एक बाई पिवळं हेल्मेट घालून चुलीपुढं बसून हसत होती. राज्यात उद्योग येणार, उद्योगाला जमीन लागणार, आणि ज्यांची जमीन जाणार त्यांच्या प्रत्येक चुलीमागं एकाला नोकरी मिळणार. गावात खालच्या अंगाची भाताची सगळी पट्टी औद्योगिक पार्कात चालली होती. त्यात गणूची पण जमीन होती.

गणूच्या घरात चूल एक आणि नोकरीच्या वयाची पोरं दोन. थोरल्या लेकाचा, पंढरीचा हरेश आयटीआय करून घरी बसलेला. धाकट्या काळूरामची प्रियांका डिप्लोमा करून घरी बसलेली. एकच नोकरी आली तर ती कुणाला मिळणार हे घरातल्या म्हशीला पण ठाऊक होतं. हरेश थोरल्याचा, त्यात मुलगा. प्रियांकासाठी शहापूरकडचं एक स्थळ येऊन बसलं होतं. मुलाचं विटांचं काम होतं आणि त्याला शिकलेली मुलगी हवी होती, कारण हिशोब ठेवायला माणूस ठेवणं परवडत नव्हतं.

"मला नोकरी लागली तर नाय ना करायला लावणार लग्न?" प्रियांकानं बापाला विचारलं होतं.

"लागली तर कशाला," काळूराम म्हणाला होता. "पण लागायला पायजे ना."

म्हणून दुसरी चूल. पंढरीनं पण मान डोलावली होती. त्याच्या हरेशची तर पक्कीच होती, मग भावाच्या पोरीची पण लागली तर त्याचं काय जात होतं? फक्त एक अट त्यानं घातली. "नवी चूल काडीनं पेटवायची. जुन्या चुलीतला निखारा न्यायचा नाय."

ही अट का, हे सगळ्यांनाच कळत होतं. त्या गावात भावाभावांची वाटणी कागदावर नंतर व्हायची, आधी निखाऱ्यावर व्हायची. जुन्या चुलीतला निखारा नेऊन नवी पेटवली की संपलं, परत एका ताटात जेवण नाय. गणूनं स्वतः तरुणपणी भावाच्या चुलीतला निखारा आणला होता. त्यानंतर तो भाऊ समोरच्याच घरात म्हातारा होऊन मेला, पण गणूनं त्याच्या घरात कधी घास घेतला नाय.

काडीनं पेटवली तर नाटक. निखाऱ्यानं पेटवली तर वाटणी.

तर आठ दिवस नाटक झालं. पहिल्या दिवशी दोघी जावांना, पंढरीच्या गिरजाला आणि काळूरामच्या रुपाला, हसू आवरेना. गिरजा म्हणाली, "माझी परात कुठं लपवलीस गो?" आणि रुपा तोंडाला पदर लावून आत पळाली. दुसऱ्या दिवशी जरा सूर लागला. तिसऱ्या दिवशी रुपा अंगणात उभी राहून म्हणाली, "माझ्या बाळंतपणात मला वरईची पेज घातलीत, आणि स्वतःच्या भावजयीला तांदळाची." हे काही ठरलेलं नव्हतं. गिरजा म्हणाली, "तुझ्या नवऱ्याची फी कुणाच्या बांगड्यांनी भरली ते पण सांग की लोकांना." पाचव्या दिवसापासून शेजारची माणसं चारच्या आधीच येऊन बसायला लागली. एकीनं तर निवडायला डाळ आणली होती.

*

सर्वे करणारा साहेब आला तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. साहेब म्हणजे हरेशपेक्षा चार-सहा वर्षांनी मोठा एक मुलगा, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. मुरबाडपासून गोमाच्या गाडीवर मागं बसून आल्यामुळं त्याच्या केसांचा झाडू झाला होता.

"चार्जिंग मिळेल का?" हे त्याचं पहिलं वाक्य.

"लाईट नाय साहेब," पंढरी म्हणाला. "सकाळपासून गेलीय."

साहेबानं टॅबकडं बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. "मग लवकर करूया. दोन चुली ना? पेटवा. ॲपला पेटलेली चूल लागते, फोटोत ज्वाळ दिसली पाहिजे. नुसती चूल कोणीपण बांधतो."

"बरोबर हाय साहेब," गोमा म्हणाला. "लोक लबाड असतात."

जुनी चूल पेटलेलीच होती. गिरजा, पंढरी आणि हरेश तिच्यापुढं बसले, फोटो निघाला. हरेशनं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि चुलीपुढं तो लग्नातल्या नवऱ्यासारखा ताठ बसला होता. मग सगळे नव्या चुलीकडं, पडवीत.

चूल काळूरामनं घातली होती. आदल्या दिवशी आसनगावच्या गोदामात आठ तास खोकी उचलून तो फटफटीवर घरी आला होता, आणि अंधार पडायच्या आत मातीत हात घातला होता. चूल अजून ओली होती. रुपानं काडी ओढली, पेंढा पेटला, विझला. दुसरी काडी. धूर एवढा झाला की साहेब खोकत अंगणात गेला. अंगणात बसलेल्या बायांनी त्याला जागा दिली.

"ज्वाळ आढळली नाही," तो टॅब बघून म्हणाला. "असं म्हणतंय. परत घ्या."

रुपानं रॉकेलचा डबा शोधला. डब्यात रॉकेल नव्हतं. ते मिळायचं बंद होऊन किती काळ झाला हे तिच्या लक्षातच नव्हतं. तिनं फुंकणी घेतली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, समोर काळी माती फुसफुसत होती.

"वहिनी, बॅटरी चाललीय," साहेब म्हणाला. "एकदा बंद पडला की मला परत यायला परवानगी लागेल. या गावाची आजच तारीख आहे."

"म्हंजे?" रुपानं विचारलं.

"म्हणजे एक चूल झाली, तेवढीच जाईल."

रुपानं प्रियांकाकडं बघितलं. पोरगी भिंतीला टेकून उभी होती. कोरा ड्रेस, केस बांधलेले, आणि मुठी अशा आवळलेल्या की बोटं पांढरी झाली होती. रुपाला विटांच्या भट्टीवर बसून हिशोब लिहिणारी प्रियांका दिसली. आणखी काही तिनं बघितलं नाही. ती उठली, स्वयंपाकघरात गेली, पत्र्याच्या तुकड्यावर जुन्या चुलीतले दोन लाल निखारे घेतले आणि पडवीत आणून पेंढ्यात टाकले.

भडका उडाला.

"छान!" साहेब म्हणाला. "सगळे हसा. नाही, हसू नका, नैसर्गिक बसा."

फोटो निघाला. फोटोत काळूराम आहे, प्रियांका आहे, ज्वाळ आहे, आणि रुपाचा चेहरा ज्वाळेकडं न बघता ओट्याकडं बघतोय. ओट्यावर गणू बसला होता, आणि तो उठून उभा राहिला होता.

*

गणूला नाटक ठाऊक होतं. गोमानं त्याला दोनदा समजावून सांगितलं होतं आणि त्यानं दोनदा मान हलवली होती. पण आठ दिवस तो ओट्यावर बसून ऐकत होता. सगळ्या भांडणात एक पण गोष्ट त्याला खोटी सापडली नव्हती. पेज खरी होती, बांगड्या खऱ्या होत्या. असलं नाटक कोण रचतं?

आणि आता निखारा गेला होता. त्यानं डोळ्यांनी बघितला होता.

तो आत गेला. तांब्याचा हंडा घेऊन बाहेर आला आणि अंगणात मधोमध ठेवला. परत आत. पितळी घंगाळ. परत आत.

"बाबा, काय करता?" पंढरी दबक्या आवाजात म्हणाला.

"वाटणी."

"अहो, ते..." पंढरीनं साहेबाकडं बघितलं आणि गप्प बसला. नाटक आहे असं साहेबासमोर कसं म्हणणार?

"हंडा थोरल्याला. घंगाळ धाकट्याला," गणू म्हणाला. "देव थोरल्याकडं राहतील. म्हस थोरल्याला, पारडी धाकट्याला. फणसाच्या वरल्या अंगाची जमीन पार्कात नाय जात, ती धाकट्याला."

"सगळी?" गिरजा म्हणाली. तिला आता नाटकाचा विसर पडला होता. "वरल्या अंगाची सगळी?"

"तू पेज घातलीस तिला वरईची," गणू म्हणाला.

अंगणातल्या बायांत कुजबुज झाली. डाळ निवडणाऱ्या बाईचा हात सुपात थांबला. एक म्हातारा शेजारी दुसऱ्याला म्हणाला, "आज लय रंगलंय." साहेब तर खूश झाला होता. आजवर किती गावं फिरला, असली अस्सल फारकत त्याला बघायला मिळाली नव्हती. त्यानं हंड्याचा पण फोटो काढला.

"उत्तम," तो म्हणाला. "आता एकच प्रश्न. सातबारा कुणाच्या नावावर?"

"बाबांच्या," काळूराम म्हणाला.

"आजोबा जेवतात कोणत्या चुलीवर?"

"का?"

"आजोबा ज्या चुलीवर, ती चूल बाधित. जमीन त्यांची जातेय ना. दुसरी चूल स्वतंत्र झाली, पण तिची जमीन जात नाही. तिला नोकरी नाही बसत."

पंढरीनं गोमाकडं बघितलं. काळूरामनं पण गोमाकडं बघितलं. गोमा लांब सिद्धगडाकडं बघायला लागला, जणू तो आजच तिथं आलाय.

"हे तू आधी का नाय सांगितलंस?" पंढरी म्हणाला.

"मला पण आत्ताच कळतंय, पंढरीशेट. शासनाचं असतं तसं."

पहिली उठली गिरजा. ताटात भात वाढून घेतला, वर कडधान्याची आमटी घातली आणि ओट्याशी आली. "बाबा, चला. सकाळपासून काय खाल्लं नाय तुमी."

"बाबांचा सकाळचा चहा मी देते," रुपा पडवीतून म्हणाली. "साहेब, लिवून घ्या. चहा कुठल्या चुलीवरचा पितात ते विचारा."

"चहाला जेवण म्हणतात काय गो?"

"आणि मागं ताप आला तवा तीन रात्री कोण जागलं?"

"तुझा नवरा कुठं होता तवा? गोदामात! पाय माझा हरेश चेपतो त्यांचे!"

"कधी चेपले?" गणूनं हरेशला विचारलं. मनापासून विचारलं. हरेश शर्टाची बाही ओढत राहिला.

काळूरामनं बापाचा दंड धरला. "बाबा, आमच्याकडं चला. पोरीचं बघा जरा." पंढरीनं दुसरा दंड धरला. "थोरल्याकडं असतो बाप. देव जिथं तिथं बाप." दोघं ओढायला लागले. म्हातारा मधे, पाय जमिनीवर धड टेकत नाहीत, आणि त्याच्या तोंडासमोर एका बाजूनं आमटीभाताचं ताट, दुसऱ्या बाजूनं चहाचा कप. गेल्या कित्येक वर्षांत त्याला कुणी एवढ्या आग्रहानं जेव म्हटलं नव्हतं.

"आजोबा, एकच सांगा," साहेब म्हणाला. "चार टक्के आहे."

गणूनं दोघांचे हात झटकले. "माझी तिसरी."

गोठ्याच्या कोपऱ्यात तीन धोंडे होते, म्हशीला कोंड्याचं आंबवण उकडायचे. त्यानं त्यात काटक्या-शेणी घातल्या आणि बिडीच्या काडेपेटीनं पेटवल्या. वाळलेल्या शेणीनं लगेच धरलं. ज्वाळ ॲपला पहिल्या झटक्यात दिसली.

"तीन चुली," साहेब पुटपुटला. "जमीन तिसरीची. नोकरीला पात्र व्यक्ती, अठरा ते पस्तीस... या चुलीवर कोण आहे?"

"मी," गणू म्हणाला.

"तुम्ही नाही बसत आजोबा. कोणी नसेल तर शून्य टाकतो. नोकरी रद्द होईल."

*

प्रियांकानं हरेशकडं बघितलं. हरेशनं आईकडं बघितलं. गिरजानं त्याच्या शर्टाचं टोक घट्ट धरलं होतं. "थांब," ती म्हणत होती. "म्हातारा वळंल. रागात हाय. थोरल्याचा पोरगा गोठ्यात बसला तर लोक काय म्हणतील?"

लोक समोरच बसले होते आणि वाट बघत होते.

प्रियांका हरेशबरोबर एकाच सायकलवर शाळेत गेली होती. तो पुढं, ती मागं. त्याला नोकरी हवी होती हे तिला माहीत होतं. त्यानं तिच्यापेक्षा एक पाऊल आधी टाकलं असतं तर ती थांबली असती, असं तिला पुढं बरेच दिवस वाटत राहिलं. पण त्यानं टाकलं नाही. ती अंगण ओलांडून गोठ्यात गेली आणि आजाशेजारी शेणानं माखलेल्या जमिनीवर बसली.

"मी या चुलीवर, साहेब."

फोटो निघाला.

रुपाच्या चेहऱ्यावर क्षणभर उजेड आला. काळूराम तर हसलाच. आणि ते हसू पंढरीनं बघितलं.

"असं हाय होय," पंढरी म्हणाला. "आधीच ठरलं होतं तुमचं. निखारा मुद्दाम नेला. जमीन वरली घेतली. नोकरी पण घेतली."

"दादा, शप्पत. आमाला काय ठाऊक..."

"माझ्या घरात चूल घालून माझ्या पोराच्या तोंडचं घेतलंस काळ्या!"

तो पडवीत गेला आणि नवी चूल लाथेनं फोडली. ओली माती, निखारे, राख सगळीकडं. अंगणात कुणीतरी खदखदून हसलं. "वा पंढरी!" म्हातारा शेजारी ओरडला. काळूराम भावावर धावला. पंढरीच्या हातात जळतं लाकूड होतं. ते कधी उचललं हे त्याला नंतर पण सांगता आलं नाही. काळूरामच्या भुवईवर बसलं ते. चामडी उलटली, रक्त डोळ्यात उतरलं, आणि काळूराम दोन्ही हातांनी तोंड झाकून खाली बसला.

अजून एकदोघं हसतच होते. मग रुपा ओरडली. ती ज्या आवाजात ओरडली, तो आठ दिवसांत कुणी ऐकलेला नव्हता. डाळ निवडणारी बाई सूप टाकून पळत आली.

"झालं," साहेब म्हणाला. "सबमिट झालं." टॅबचा पडदा काळा पडला.

तो गाडीकडं निघाला तेव्हा हरेश त्याच्या मागं गेला. "साहेब, कंपनी कशाची हाय?"

"कुठली?"

"पार्कात येणारी. नोकरी कसली असणार?"

साहेब गाडीवर बसला. गोमानं किक मारली, ती बसली नाही. "तो रकाना अजून रिकामा आहे," साहेब म्हणाला. "गुंतवणूकदार ठरायचाय. वरून चाललंय बोलणं. आधी तुमची तयारी दाखवावी लागते ना, त्याशिवाय कोण येणार?" मग त्याला हरेशचा इस्त्रीचा शर्ट दिसला असावा, कारण तो जरा हळू बोलला. "माझी पण अकरा महिन्यांचीच आहे, भाऊ. आणि बहिणीला सांग, फेरतपासणी कधीपण होते. त्या चुलीवरच जेवायला पाहिजे. बाकी कुणाचं आणलं तर बाद."

हरेशनं जाऊन ते जसंच्या तसं सांगितलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं, अंगणाच्या मधोमध उभं राहून सांगितलं. कंपनी नाय, हे पण सांगितलं. मग तो पण आत गेला.

*

दिवेलागणीला गोठ्यातल्या तीन धोंड्यांवर भात चढला होता. समोरच्या घरानं पातेलं दिलं होतं, गणूच्या मेलेल्या भावाच्या घरानं. तांदूळ गणूनं कणगीतून काढून आणले तेव्हा कुणी अडवलं नाही. ती वाटणी व्हायची राहिलीच होती.

"काळूचा डोळा वाचंल?" त्यानं विचारलं.

"डोळा ठीक हाय. टाके पडतील. आई धसईला घेऊन जाणार व्हती, पण बाबा नको म्हंतात. उद्या जाऊ म्हंतात."

"हं."

म्हैस रवंथ करत होती. गणूनं काटक्या आत सारल्या.

"प्रियांका, तू माझ्यासाठी आलीस का नोकरीसाठी?"

तिला खोटं सुचत नव्हतं असं नाही, सुचलं होतं.

"नोकरीसाठी, आजा."

"बरं." त्यानं भाताचं शीत बोटानं दाबून बघितलं. "मीठ नाय टाकलं."

"मीठच नाय आपल्याकडं."

ती वाटी घेऊन उठली. गिरजाकाकीचं दार लावलेलं होतं. तिकडं ती गेली नाही. पडवीत रुपा काळूरामच्या कपाळावर ओलं फडकं धरून बसली होती. फुटलेल्या चुलीची राख कुणी झाडली नव्हती.

"आई, मीठ दे जरा."

रुपाचा हात बरणीकडं गेला. झाकण पण उघडलं तिनं. मग तिनं बाहेर बघितलं. नाक्यावरच्या फ्लेक्सखाली कुणाच्या तरी बिडीचा ठिपका दिसत होता.

"गोमा हाय काय तो?" ती म्हणाली.

"अंधारात कसं दिसंल."

"तोच असंल. बघत असंल." तिनं झाकण परत लावलं. "उद्या बाजारातनं तुझं तू आण. आज नको, बाय. एवढं सगळं झालंय, आता मिठापायी बाद नको व्हायला."

"आई, मूठभर मीठ..."

"जा म्हंते ना. भात खाली लागंल."

काळूरामनं फडकं डोळ्यांवर ओढून घेतलं.

प्रियांका रिकामी वाटी घेऊन परत आली. तिनं दोन ताटल्यांत भात वाढला, आजापुढं एक सरकवली. गणूनं पहिला घास घेतला, चावला, तिच्याकडं बघितलं. दोघांनी तो भात शेवटपर्यंत खाल्ला.